विश्लेषण : रूट कॅनॉलसाठी दाढेला छिद्र केवढे पाडावे? दंतवैद्यकात यावर वाद का?

रूट कॅनॉल म्हटले की मुळात फिरणारी बारीक सुई आणि शेवटी बसणारी कॅप, एवढेच बहुतेक रुग्णांच्या लक्षात राहते. या दोन्हींच्या आधी एक काम होते. दंतवैद्य दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागात छिद्र पाडून आतल्या पोकळीपर्यंत वाट उघडतात. या वाटेला ‘ॲक्सेस कॅव्हिटी’ म्हणतात. ती केवढी असावी, यावर गेली काही वर्षे दंतवैद्यकात जोरदार वाद सुरू आहे. छिद्र जितके लहान तितकी दाढ मजबूत, असे एक बाजू म्हणते. छिद्र फार लहान केले तर मुळातल्या नलिकांना नीट आकार देता येत नाही आणि त्या साफही होत नाहीत, असे दुसरी बाजू म्हणते. ‘कमीत कमी कापून रूट कॅनॉल’ ही भाषा आता दवाखान्यांच्या जाहिरातींतही दिसते. त्यामुळे हा वाद केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

दाढेच्या आत काय असते?

दाढेचा बाहेरचा कठीण थर एनॅमलचा. त्याखाली डेंटिन आणि डेंटिनच्या आत पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती असतात. दंतवैद्य त्यांना पल्प म्हणतात, बोलण्यात त्याला दाताची ‘नस’ म्हटले जाते. पोकळी एखाद्या खोलीसारखी असते. तिला छत असते, भिंती असतात, तळ असतो. तळ आणि भिंती जिथे मिळतात तिथे नलिकांची तोंडे असतात आणि तेथून नलिका मुळांत उतरतात. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात. पुढच्या मुळात दोन नलिका, मागच्या मुळात एक किंवा दोन. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे, पण नलिका अनेकदा चार. ही चौथी नलिका गालाकडच्या पुढच्या मुळात, डेंटिनच्या कडेआड लपलेली असते. ती न सापडणे हे वरच्या दाढेचे रूट कॅनॉल पुढे बिघडण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

कीड पोकळीपर्यंत पोहोचली की जंतू आत शिरतात. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांचा पल्प उघडा ठेवून पाहिला. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा पल्प जगला आणि जखम भरूनही आली. सामान्य उंदरांचा पल्प मात्र सडला. म्हणजे रोगाचे मूळ जंतूंत आहे आणि रूट कॅनॉलचा खरा हेतू जंतू व सडलेला पल्प बाहेर काढून पोकळी बंद करणे हा आहे. छिद्र, फाइल, औषधी द्रव हे सारे त्यासाठी.

छिद्र मोठे करण्याची रीत कशामुळे?

पारंपरिक पद्धतीचे नियम तीन. पोकळीचे छत पूर्ण काढा, तळ सगळा दिसू द्या आणि फाइल नलिकेच्या पहिल्या वळणापर्यंत सरळ जाऊ द्या. या आग्रहाला कारण होते. विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात फाइल स्टीलच्या होत्या. स्टीलची जाड फाइल ताठ असते. तिला वरून अडथळा आला, तर ती नलिकेच्या बाकाप्रमाणे न वळता स्वतःची नवी वाट कोरते. दुर्बिणीखाली काम करण्याची सोय नव्हती. क्ष-किरण चित्र सपाट होते. उघड्या डोळ्यांनी नलिका शोधायच्या तर छिद्र ऐसपैस हवेच.

१९७४ मध्ये हर्बर्ट शिल्डर यांनी नलिकेला आकार देण्याची उद्दिष्टे मांडली. नलिका वरून खाली सलग निमुळती व्हावी, तिची मूळ वाट बदलू नये, मुळाच्या टोकाचे छिद्र जागचे हलू नये आणि ते शक्य तितके लहान राहावे. आजही कोणत्याही पद्धतीची परीक्षा याच कसोट्यांवर होते. छिद्राचा वाद समजून घ्यायचा तर ‘मूळ वाट बदलू नये’ ही अट विशेष लक्षात ठेवावी लागते.

मग लहान छिद्राचा आग्रह कुठून आला?

पहिला बदल फाइलच्या धातूत झाला. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टाइन यांनी दात सरळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाइल बनवून दाखवली. तेवढ्याच जाडीच्या स्टीलच्या फाइलपेक्षा ती दोन ते तीन पट लवचीक निघाली. पुढे यंत्रावर फिरणाऱ्या फाइल आल्या, सूक्ष्मदर्शक दवाखान्यात आला, दाताची त्रिमितीय प्रतिमा देणारे कोन-बीम सीटी आले. फाइल वाकू शकते, नलिका कुठे आहेत हे आधीच कळते, लहान भोकातूनही आत डोकावता येते. मग छत पूर्ण का काढायचे, असा प्रश्न येणे स्वाभाविक होते.

तो स्पष्टपणे मांडला अमेरिकेतील डेव्हिड क्लार्क आणि जॉन खादेमी यांनी. २०१० मधील त्यांच्या लेखाचा रोख दाताच्या मानेभोवतीच्या डेंटिनवर होता. हाडाच्या कडेच्या सुमारे ४ मिमी वर आणि ४ मिमी खाली असा हा पट्टा. चावण्याचा भार मुकुटाकडून मुळाकडे जातो तो या पट्ट्यातून. येथले डेंटिन गेले की कोणतेही सिमेंट किंवा कॅप ते परत देऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा मुद्दा योग्य होता आणि आहे.

त्यानंतर मात्र छिद्र लहान करण्याची जणू चढाओढ लागली. एका प्रकारात मध्यावरून सुरुवात करून नलिकांची तोंडे दिसण्यापुरतेच छिद्र वाढवतात आणि छताचा काही भाग ठेवतात. हा ‘कन्झर्व्हेटिव्ह’ म्हणजे जपून कापलेला प्रकार. दुसऱ्यात मध्यावर जेमतेम एक भोक आणि छत जवळजवळ अबाधित. याला ‘निंजा’ असे नाव पडले. तिसरा ‘ट्रस’. यात पुढच्या नलिकांसाठी एक आणि मागच्या नलिकेसाठी दुसरे अशी दोन वेगळी भोके पाडतात व मधला डेंटिनचा पूल ठेवतात. अशा छायाचित्रांना समाजमाध्यमांवर दाद मिळते. सुईएवढ्या भोकातून तीन-चार नलिका भरलेल्या दिसल्या की कौशल्याचे कौतुक होणारच. पण क्ष-किरण चित्रात नलिका भरलेली दिसणे आणि ती आतून साफ झालेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरचे छिद्र आणि खालचा आकार यांचा संबंध काय?

वादाचा गाभा हाच आहे. समजा दाढेच्या मध्यभागी लहान भोक पाडले. नलिकेचे तोंड तेथून ८ मिमी खाली आणि ३ मिमी बाजूला आहे. मग फाइल सुमारे २० अंशांनी तिरकी होऊन खाली जाणार आणि नलिकेच्या तोंडाशी वळून आत शिरणार. मुळाचा स्वतःचा बाक पुढे वेगळाच आहे. १९७१ मध्ये श्नायडर यांनी मुळांच्या बाकाची जी वर्गवारी केली, तिच्यात १० ते २० अंशांचा बाक ‘मध्यम’ समजला जातो. म्हणजे नलिकेत शिरण्यापूर्वीच फाइलवर एका मध्यम बाकाएवढे वळण लादले गेले. छिद्र त्या बाजूला दोन-अडीच मिलिमीटर सरकवले की हे वळण जवळजवळ नाहीसे होते.

या जास्तीच्या वळणाचे परिणाम अनेक आहेत. वाकवलेली फाइल पुन्हा सरळ होऊ पाहते. ही ओढ ती नलिकेच्या भिंतींवर काढते. मुळाच्या टोकाकडे बाकाची बाहेरची बाजू जास्त कापली जाते, मधल्या भागात आतली. नलिका मध्यावर राहत नाही, एका बाजूला सरकते. कधी भिंतीवर पायरी तयार होते आणि फाइल तिच्यापुढे जाईनाशी होते. टोकाचे गोल छिद्र फाटून लांबट झाले तर ते नीट बंद करणे अवघड असते.

खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात धोका आणखी जवळ असतो. या मुळाची मागची, म्हणजे दोन मुळांच्या फाट्याकडची भिंत पातळ असते. तिला दंतवैद्यकात धोक्याचा पट्टा म्हटले जाते. १९८० मध्ये अबू-रास, फ्रँक आणि ग्लिक यांनी फाइल या भिंतीपासून दूर, जाड बाजूकडे दाबून घासण्याची पद्धत सांगितली. त्यासाठी फाइलचा वरचा भाग हवा तसा कलवता आला पाहिजे. ऐसपैस छिद्रात तो कलवता येतो. निंजा छिद्रात फाइलची दिशा छिद्राची कड ठरवते, दंतवैद्याचा हात नाही. ती कड फाइलला पातळ भिंतीकडे ढकलत असेल तर वर वाचवलेल्या डेंटिनची किंमत खाली चुकती होते. मुळाला आतून भोक पडले तर दाढ काढण्याची वेळ येऊ शकते.

तिसरा परिणाम फाइल तुटण्याचा. यंत्रावरची फाइल मिनिटाला साधारण ३०० फेरे घेते. वाकलेल्या जागी प्रत्येक फेऱ्यात तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. तार सारखी वाकवून तोडतो, तसाच हा थकवा. वळण जितके आखूड आणि धातू तिथे जितका जाड, तितका ताण अधिक, हे यामागचे साधे गणित. फाइल वरच्या भागात जास्त जाड असते. म्हणून नलिकेच्या तोंडाशी लादलेले वळण तिला टोकाजवळच्या तेवढ्याच वळणापेक्षा लवकर थकवते. उष्णताप्रक्रिया केलेल्या नव्या निकेल-टायटॅनियम फाइल अधिक मऊ असतात, वाकवल्या तशा राहतात आणि सरळ होण्याची ओढ त्यांच्यात कमी असते. लहान छिद्राच्या पुरस्कर्त्यांची भिस्त या फाइलवरच आहे आणि तिला आधारही आहे. पण वळण नाहीसे करणे हे फाइलच्या हाती नाही.

यातली एक विसंगती बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. टोकाशी ०.२५ मिमी आणि दर मिलिमीटरला ०.०६ मिमी जाड होत जाणारी फाइल घेतली तर टोकापासून ११ मिमी वर, म्हणजे साधारण नलिकेच्या तोंडाजवळ, तिची जाडी ०.९ मिमी भरते. वाढ ०.०४ मिमी असेल तर तीच जाडी ०.७ मिमीच्या आत राहते. क्लार्क आणि खादेमी ज्या मानेजवळच्या डेंटिनसाठी आग्रही होते, ते फाइलच्या या निवडीने वाचते किंवा जाते. वर निंजा छिद्र आणि खाली जाड, झपाट्याने रुंदावणारी फाइल असे उपचार झाले तर वाचवायचे होते तेच कापले गेले, असे म्हणावे लागेल.

प्रयोगांतून काय दिसले?

या विषयावरचा बहुचर्चित प्रयोग टोरांटो विद्यापीठातला, २०१४ मधला. क्रिशन आणि सहकाऱ्यांनी काढलेले अखंड दात घेतले. त्यांत वरचे पुढचे दात, खालच्या उपदाढा आणि खालच्या दाढा होत्या. काहींना पारंपरिक, काहींना लहान छिद्र केले. उपचाराआधी आणि नंतर मायक्रो-सीटीने नलिका मोजल्या. दाढांच्या मागच्या मुळातील नलिकेत लक्षणीय फरक दिसला. पारंपरिक छिद्रातून फाइलने न शिवलेली भिंत सुमारे ३७ टक्के होती, लहान छिद्रातून सुमारे ५७ टक्के. इतर नलिकांत असा ठळक फरक नव्हता. दात मोडेपर्यंत भार दिल्यावर मात्र चित्र उलट होते. पारंपरिक छिद्राच्या दाढा सरासरी ६४२ न्यूटनला मोडल्या, लहान छिद्राच्या सुमारे १,५८७ न्यूटनला. ताकद अडीच पट, साफसफाई कमी. दोन्ही बाजूंना आपापला आकडा मिळाला आणि वाद पेटला.

त्याच विद्यापीठात २०१६ मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांवर तशीच तुलना केली, तेव्हा आकारातही फरक आढळला नाही आणि ताकदीतही नाही. २०१७ मध्ये ब्राझीलमधील रोव्हर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, पुन्हा वरच्या दाढांत, न शिवलेल्या भिंतीचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. मात्र टाळूकडच्या मुळात, टोकापासून ७ मिमीवर, लहान छिद्राच्या गटात नलिका अधिक सरकली होती. ताकद वाढल्याचे दिसले नाही. २०१८ मध्ये इटलीतील तुरीनच्या अलोव्हिझी आणि सहकाऱ्यांनी खालच्या दाढा तपासल्या. नलिकेची मूळ वाट पारंपरिक छिद्रातून जास्त चांगली टिकली. वर अडथळा नसल्याने फाइल आत-बाहेर कमी वेळा करावी लागली, हे त्यांनी दिलेले संभाव्य कारण. वर सांगितलेल्या यंत्रशास्त्राशी ते जुळते.

हे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, आणि ते जुळण्याचे कारणही नाही. प्रत्येक ठिकाणी दाढा वेगळ्या, फाइल वेगळी आणि ‘लहान’ची व्याख्या वेगळी. एका प्रयोगातले ‘लहान’ छिद्र दुसऱ्यात मध्यम ठरू शकते. तरीही एक कल दिसतो. खालच्या दाढेत छिद्र आखडले की आकारावर परिणाम होण्याची शक्यता वाढते. आणि कोणत्याही दाढेत लहान छिद्रामुळे नलिकेचा आकार ठळकपणे सुधारला, असे या अभ्यासांपैकी एकही म्हणत नाही. लहान छिद्राचा दावा आहे तो ताकदीचा.

फाइल न पोहोचलेल्या भिंतीचे काय?

३७ किंवा ५७ टक्के भिंत तशीच राहते हे वाचून धक्का बसू शकतो. पण हे लहान छिद्राच्या वादाआधीपासून माहीत आहे. २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांच्या मायक्रो-सीटी अभ्यासात दाखवले होते की कोणतीही फाइल वापरली तरी नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा अधिक भाग अस्पर्श राहतो. नलिका गोल नसतात. काही चपट्या असतात, काहींच्या मध्ये बारीक फटी असतात. तिथे फाइल पोहोचत नाही, सोडियम हायपोक्लोराइटसारखा द्रव पोहोचवावा लागतो. फाइलने दिलेला आकार ही त्या द्रवासाठी केलेली वाट असते. धुण्यासाठी वापरतात ती बारीक सुई साधारण ०.३ मिमी जाडीची. नलिका तिच्यापुरती रुंद झाली नसेल, तर द्रव वरच्या वर फिरून परत येतो.

२०१८ मध्ये नीलकंठन आणि सहकाऱ्यांनी खालच्या दाढांत ट्रस छिद्र आणि पारंपरिक छिद्र यांची तुलना केली. मुळांच्या नलिकांत आणि फटींत उरलेल्या पल्पचे प्रमाण दोन्हींत सारखेच होते. पण वरच्या पोकळीत, म्हणजे ठेवून दिलेल्या छताखाली, ट्रस गटात पल्पचे अवशेष लक्षणीय जास्त उरले. ज्यासाठी दाढ उघडली तीच घाण छताच्या कोपऱ्यांत राहिली, असा याचा अर्थ. खोलीचे छत न काढता फक्त दोन कोपऱ्यांतून झाडलोट केली तर दुसरे काय होणार!

नलिका शोधण्याचेही तसेच. रोव्हर यांच्या अभ्यासात उघड्या डोळ्यांनी आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकानेही पारंपरिक छिद्रातून जास्त नलिका सापडल्या. सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला अल्ट्रासॉनिक टोके वापरून डेंटिनची कड खरवडली, तेव्हाच दोन्ही गट बरोबरीत आले. लहान छिद्र ही साधनांवर अवलंबून असलेली पद्धत आहे. सूक्ष्मदर्शक, अल्ट्रासॉनिक आणि कोन-बीम सीटी हाताशी नसताना तिची नक्कल करणे रुग्णाच्या जिवावर नाही तरी दाढेवर बेतू शकते. पोकळीचा नकाशा मात्र साध्या नजरेनेही वाचता येतो. क्रॅसनर आणि रँको यांनी ५०० दात कापून २००४ मध्ये त्याचे नियम मांडले. तळाचा रंग भिंतींपेक्षा नेहमी गडद असतो आणि नलिकांची तोंडे तळ-भिंतीच्या सांध्यावरच असतात. पण हे नियम वापरायचे तर तळ आणि सांधा दिसला पाहिजे, आणि तो दिसण्यापुरते छत काढले पाहिजे.

दाढ नेमकी कशाने कमकुवत होते?

लहान छिद्राने ताकद वाढते या दाव्यामागे टोरांटोच्या २०१४ च्या आकड्यांशिवाय रोममधील प्लोतिनो आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला अभ्यासही आहे. त्यात पारंपरिक छिद्राचे दात कमी भाराला मोडले. मात्र जपून कापलेले छिद्र आणि निंजा यांत फरक आढळला नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण मध्यम छिद्रावरून आणखी आखडते घेतल्याने हाती काही लागत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. २०१८ मध्ये सिल्वा आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगशाळेतील अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. लहान छिद्राने दात अधिक मजबूत राहतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. प्रयोगशाळेतले यंत्र दात एका दमात दाबून मोडते. तोंडातली दाढ मात्र वर्षानुवर्षे रोज हजारो वेळा थोडी-थोडी दाबली जाते. या दोन्हींची तुलना बेताने करायला हवी.

छिद्राच्या आकारापेक्षा जुना आणि अधिक बोलका आकडा १९८९ चा आहे. रीह, मेसर आणि डग्लस यांनी वरच्या उपदाढांचा ताठपणा टप्प्याटप्प्याने मोजला. रूट कॅनॉलच्या छिद्राने तो ५ टक्के कमी झाला. चावण्याच्या पृष्ठभागावर भरणासाठी खाच केल्यावर २० टक्के. खाच पुढच्या व मागच्या बाजूंनाही उघडली, म्हणजे कडेचे दोन्ही कंगोरे गेले, तेव्हा ६३ टक्के. दाताला घट्ट धरून ठेवतात ते हे कंगोरे. ते शाबूत असतील तर मधले छिद्र थोडे मोठे झाल्याने फारसे बिघडत नाही. ते किडीने खाल्ले असतील तर मधले छिद्र कितीही लहान ठेवून फारसे साधत नाही.

दवाखान्यात येणारी दाढ कशी असते?

वर उल्लेखलेले बहुतेक प्रयोग अखंड दाढांवर झाले. दवाखान्यात अखंड दाढ घेऊन रूट कॅनॉलला क्वचितच कोणी येते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातील दवाखान्यात येणारी दाढ एका बाजूने किडलेली असते, किंवा जुने चांदीचे सिमेंट निघालेली, किंवा सुपारी, हाडूक चावताना तुकडा उडालेली. तिथे छिद्राची जागा आणि आकार निम्मा किडीनेच ठरवलेला असतो. किडलेला भाग आणि जुने भरण पूर्ण काढायचे, मग त्याच वाटेने नलिकांकडे जायचे आणि उरलेले निरोगी डेंटिन गरजेपुरतेच कापायचे, ही पद्धत अनेक तज्ज्ञांना व्यवहार्य वाटते. कीड मागच्या बाजूला असेल तर मागच्या नलिकेसाठी निरोगी भाग कापावाच लागत नाही. भारतात या विषयाच्या पदव्युत्तर शाखेचे नाव ‘कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स’ असे आहे. दात जपणे आणि मुळाचा उपचार करणे ही दोन्ही कामे एकाच शाखेकडे देणाऱ्यांना हा प्रश्न आधीच दिसला असावा.

कॅपचाही हिशेब यात धरावा लागतो. कॅप बसवताना दाढ वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर घासली जाते. छिद्र आखडून वरच्या कडेला जे एनॅमल वाचवले, त्यातले बरेच नंतर कॅपसाठी जाते. मानेजवळचे डेंटिन मात्र कॅप बसल्यावरही कामाला येते. म्हणून वाचवायचे तर तिथे. आयोवा विद्यापीठातील अक्विलिनो आणि कॅप्लन यांनी २००२ मध्ये जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रूट कॅनॉलनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांच्या तुलनेत ६ पट वेगाने काढावे लागले होते. दुखणे थांबले की कॅप पुढे ढकलणारे रुग्ण कमी नाहीत. छिद्र दोन मिलिमीटरने लहान होते की मोठे, याने त्यांच्या दाढेचे जेवढे ठरेल त्याहून जास्त या दिरंगाईने ठरते.

पुढे काय?

लहान छिद्र आणि पारंपरिक छिद्र यांच्या दाढा दहा-पंधरा वर्षे टिकतात का, याची तुलना रुग्णांवर दीर्घकाळ व्हायला हवी. आजवरची बहुतेक भिस्त काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांवर आहे. दरम्यान, सीटी प्रतिमेवरून संगणकात वाट आखून, त्रिमितीय छपाईने तयार केलेल्या साच्यातून थेट नलिकेच्या तोंडापर्यंत जाण्याचे तंत्र वापरात आले आहे. नलिका चुन्यासारख्या क्षारांनी बुजलेल्या पुढच्या दातांत त्याचा चांगला उपयोग होतो. तिथे मूळ सरळ असते आणि वरून खाली एकच वाट लागते. दाढेत नलिका तीन-चार, प्रत्येकीची दिशा निराळी. शिवाय साचा आणि त्यातून जाणारा लांब बर हे दोन्ही मागच्या दाढेपर्यंत न्यायचे तर तोंड बरेच उघडावे लागते, आणि सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढेच्या रुग्णाला नेमके तेच जमत नाही.